खरे दाखविणारा पडदा

2025 सालच्या भाद्रपदातील गोष्ट आहे. भरवेलीस खाणीच्या वसाहतीजवळ माझे फोटोचे लहानसे दुकान आहे. एके दिवशी दुपारी एक बाई कागदात गुंडाळलेली चौकट छातीशी धरून दुकानाची पायरी चढल्या. आठ दिवसांपूर्वी त्यांनी आपल्या दिवंगत यजमानांचा पोस्टकार्डाएवढा रंगीत फोटो मजकडे मोठा करावयास दिला होता. मार्गशीर्षात त्यांचा वर्षदिन होता, आणि त्या दिवशी तो भिंतीवर लावावा अशी घरातील सर्वांची इच्छा होती. मी तो मोठा करून, काच-चौकट बसवून त्यांच्या मुलाच्या हाती दिला होता. तोच त्या परत घेऊन आल्या होत्या.

कागद सोडून त्यांनी चौकट माझ्यासमोर टेबलावर उभी केली. मग जरा थांबून, शब्द जुळवीत त्या म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका. पण हे आमचे घरचे नव्हेत. हे पाळी संपवून खाणीतून वर येतानाचे आहेत. अंघोळ करून ओट्यावर बसले म्हणजे असे नव्हते दिसत."

वाचकांपैकी ज्यांना भरवेली ठाऊक नसेल त्यांना या वाक्यातील वेदना पुरती कळावयाची नाही. आमचे गाव बालाघाट शहराला लागूनच आहे, आणि ते वसले आहे मँगनीजवर. येथील भूमिगत खाण आशियातील सर्वांत खोल मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. मँगनीजचे खनिज काळे असते. पाळी सुटली म्हणजे वर येणाऱ्या माणसांच्या कपाळावर, पापण्यांवर, नखांत तीच काळी भुकटी बसलेली असते. मग तो माणूस हिंदी बोलणारा असो, मराठी बोलणारा असो, पोवारी बोलणारा असो की गोंडी बोलणारा असो, खाणीच्या तोंडाशी सर्वांचा वर्ण एकच. घरी जाऊन दोन बादल्या पाणी अंगावर घेतले म्हणजे ज्याचा त्याचा चेहरा ज्याला त्याला परत मिळतो. बाई म्हणत होत्या ते हेच. मी त्यांच्या यजमानांचा न्हालेला चेहरा हिरावून घेतला होता.

मी चौकट उचलून दारापाशी उजेडात नेली. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. डोळ्यांखालचा भाग काजळल्यासारखा झाला होता, आणि गालांवर एक तांबूस, मातकट छटा चढली होती. मला लाज वाटली ती आणखी एका कारणाने. तो मूळ फोटो मीच काढलेला होता, 1998 साली, त्यांच्या पुतणीच्या लग्नात, फिल्म घालावयाच्या कॅमेऱ्याने. ते गृहस्थ माझ्या दुकानावरून रोज जात. त्यांचा चेहरा मला अनोळखी नव्हता. तरीदेखील संगणकाच्या पडद्यावर मी जे पाहिले त्यावर विश्वास ठेवला, आणि हातातील मूळ फोटो एकदाही पडद्याशेजारी धरून पाहिला नाही.

मी त्यांना म्हणालो, "बाई, चूक माझी आहे. वर्षदिनाच्या आधी दुसरा करून देतो. पैसे नकोत." त्या नुसती मान हलवून गेल्या. फोटो मात्र मजपाशी ठेवून गेल्या, आणि हा त्यांचा विश्वास मला त्यांच्या तक्रारीपेक्षा जड वाटला.

त्या रात्री दुकान बंद केल्यावर मी एक प्रयोग केला. तेच चित्र मी चार ठिकाणी उघडले: माझ्या दहा वर्षांच्या जुन्या लॅपटॉपवर, माझ्या मोबाइलवर, घरातील दूरदर्शन संचावर, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर. एका माणसाचे चार वर्ण झाले. मोबाइलवर तो तजेलदार दिसला, दूरदर्शनवर लग्नघरातल्यासारखा लालबुंद, झेरॉक्सवाल्याकडे फिका. माझ्या लॅपटॉपवर तर मान वर केली की चेहरा उजळे, खाली केली की काळवंडे. माझ्या धंद्याची सारी मदार ज्या पडद्यावर होती, तो पडदा मान हलविताच साक्ष फिरवीत होता.

धंद्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल की अंधारखोलीच्या काळी हा प्रश्न नव्हता. तांबड्या दिव्याखाली ताटलीतील पाण्यात कागदावर चित्र हळूहळू उगवावयाचे, आणि जे कागदावर उगवले तेच गिऱ्हाइकाच्या हाती जावयाचे. आता चित्र घडते एका जागी, पाहतो आपण दुसऱ्या जागी, छापले जाते तिसऱ्या जागी. मधला जो पडदा, तो आपला दुभाष्या. दुभाष्यानेच शब्द फिरविले तर दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही बोलणे फिसकटावयाचे.

माझी मुलगी नागपुरास राहून चित्रफीत-संपादनाचे काम शिकली आहे. तिला मी फोनवर हा सारा प्रकार सांगितला. ती म्हणाली, "बाबा, तुमचा पडदा फार प्रखर आहे आणि निळसर आहे. प्रखर पडद्यावर चित्र पुरेसे उजळ वाटते, म्हणून तुम्ही ते आणखी उजळत नाही. मग कागदावर ते काळे उतरते. आणि पडदा निळा असला म्हणजे तो निळेपणा घालविण्यासाठी तुम्ही चित्रात तांबडे-पिवळे ओतता. ते तांबडे-पिवळे कागदावर उरते." इतक्या वर्षांच्या अनुभवी माणसाला ही गोष्ट लेकीकडून समजावी यात मला कमीपणा वाटला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. पण तिचे बरोबर होते.

तेव्हा एक मोठा, चांगला पडदा घ्यावयाचा असे ठरले. टपाल खात्यात पन्नास हजार रुपये साठले होते. ते मागल्या पडवीचे पत्रे बदलण्यासाठी होते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. मी विषय काढला तेव्हा मंडळी काही वेळ तांदूळ निवडीत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "पत्रे पुढल्या मृगापर्यंत थांबतील. पण आणाल ते नीट पाहून आणा. चकाकते ते आणू नका." या शेवटच्या वाक्याचा उपयोग मला पुढे किती व्हावयाचा होता, हे त्यांना तरी कुठून ठाऊक असणार!

दसऱ्यानंतर मी गोंदियामार्गे नागपूरला गेलो. सीताबर्डीवरील एका मोठ्या दुकानात मुलगी मला घेऊन गेली. भिंतभर पडदे मांडलेले होते, आणि प्रत्येकावर पोपट, फुलपाखरे, रंगांनी माखलेली होळी, निळे समुद्र चालू होते. मधोमध 34 इंचांचा, कमानीसारखा वळलेला एक रुंद पडदा होता. दुकानदार मोठ्या अगत्याने म्हणाले, "काका, 22 सप्टेंबरपासून 32 इंचांवरच्या पडद्यांवरचा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. घ्यायचा तर आताच." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मी त्या पडद्यासमोर बसलो आणि खरे सांगतो, उठावेसे वाटेना. पोपटाचे एकेक पीस मोजून घ्यावे इतके स्वच्छ. लग्नाची चित्रफीत कापताना लागणारी सारी पट्टी त्याच्या रुंदीवर एका नजरेत मावली असती.

मुलीने हळूच माझ्या खांद्याला हात लावला. "बाबा, पोपट आपल्या ओळखीचा नाही. आपल्या ओळखीचे काहीतरी लावून पाहू."

हा एक शब्द मी सर्व वाचकांसाठी लिहून ठेवतो. दुकानातील चित्रे दुकानाची असतात. पोपट मुळात किती हिरवा होता हे कोणास ठाऊक? जो पडदा त्याला अधिक हिरवा दाखवील तोच आपल्याला अधिक चांगला वाटणार. मी पेनड्राइव्हवर त्या गृहस्थांच्या फोटोची प्रत नेली होती, आणि मूळ फोटो डायरीच्या पानांत जपून ठेवला होता. आम्ही दुकानदारांची परवानगी काढून ती प्रत एकामागून एक सात पडद्यांवर लावली, आणि प्रत्येकाशेजारी मूळ फोटो धरला. त्या रुंद, वळलेल्या पडद्यावर त्यांचा जुना पांढरा सदरा निळीत बुडविल्यासारखा दिसला, आणि चेहरा असा की जणू ते कधी खाणीत उतरलेच नव्हते. फार सुंदर दिसत होते ते. परंतु ते ते नव्हते.

त्या दुपारी मुलीकडून आणि दुकानदारांकडून (ते पुढे आमच्या कामात खरोखरच रमले) मी जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. गावोगावी फोटो-व्हिडिओचे काम करणारी तरुण मुले आता पुष्कळ झाली आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, मोठेपणा आणि बारकावा या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. पडद्याचे माप कर्णावर मोजतात. 24 इंची पडदा सुमारे 53 सेंटिमीटर रुंद असतो, 27 इंची 60, आणि 32 इंची 71. पण चित्र बनते ते ठिपक्यांचे. 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर सुमारे 21 लाख ठिपके असतात. तेवढेच ठिपके 27 इंचांवर पसरले की एका इंचात जेमतेम 82 येतात, आणि अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. ज्याला 'फोर के' म्हणतात त्या पडद्यावर 3840 गुणिले 2160, म्हणजे जवळजवळ 83 लाख ठिपके असतात. ते 27 इंचांत एका इंचाला 163 पडतात, 32 इंचांत 138. माझ्या कॅमेऱ्याचे एक चित्र 2 कोटी 40 लाख ठिपक्यांचे असते. म्हणजे या उत्तम पडद्यावरही एका वेळी चित्राचा सुमारे तिसरा हिस्साच खऱ्या बारकाव्याने दिसतो. जुन्या पडद्यावर तो अकरावा-बारावा हिस्सा दिसत होता.

दुसरी गोष्ट, पडद्याची जात. माझ्या लॅपटॉपचा पडदा 'टी.एन.' जातीचा होता. त्यावर पाहण्याचा कोन बदलला की रंग बदलतो. 'व्ही.ए.' जातीत काळा रंग गडद मिळतो, पण बाजूने पाहिले की छायेतील बारकावे सरकतात. 'आय.पी.एस.' जातीत काळा तितकासा काळा नसला तरी चित्र डावीउजवीकडून सारखेच राहते, म्हणून फोटोच्या कामाला बहुधा तीच निवडतात. 'ओलेड' जातीचा पडदा पाहावयास अप्रतिम आणि काळा रंग तर कोळशासारखा. परंतु एकच आकृती तासन्‌तास स्थिर राहिली तर तिचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते, आणि संपादनाच्या कामात पट्ट्या-चौकटी दिवसभर जागच्या जागी असतात. शिवाय किंमत माझ्या आवाक्याबाहेरची.

तिसरी गोष्ट, रंगांचे आवार. पडदा किती रंग दाखवू शकतो त्याची मापे ठरलेली आहेत. 'एस.आर.जी.बी.' हे माप 1996 साली ठरले, आणि मोबाइलवर, संगणकावर जे काही दिसते त्याचा पाया आजही तेच आहे. 'अडोबी आर.जी.बी.' 1998 सालचे. त्यात हिरवे-निळे रंग अधिक, आणि छपाईच्या उत्तम कामास ते लागते. 'पी-3' हे माप चित्रपटगृहांच्या कामातून आले. मोठे आवार घेतले म्हणजे काम आपोआप चांगले होते असे नाही. आमच्याकडील अल्बम छापणारी बहुतेक यंत्रे पहिल्या मापाचेच चित्र मागतात. तेव्हा पहिले माप शंभर टक्के भरणारा, आणि त्या मापावर बांधून ठेवता येणारा पडदा पुरे. याखेरीज प्रत्येक रंगाच्या किती पायऱ्या, हेही पाहावे. आठ 'बिट'च्या पडद्यावर एका रंगाच्या 256 पायऱ्या, म्हणजे तीन रंग मिळून 1 कोटी 67 लाख छटा. दहा 'बिट'ला 1024 पायऱ्या, म्हणजे 107 कोटींच्या वर. संध्याकाळच्या आभाळात किंवा नवरीच्या गालावर रंगाचे पट्टे पडू नयेत, एवढ्यासाठी हा हिशेब.

डेल, बेनक्यू, आसूस यांच्या छायाचित्रकारांसाठी निराळ्या मालिका आहेत, आणि त्यांतील कित्येक पडद्यांसोबत कारखान्यात केलेल्या रंगतपासणीचा कागद येतो. कोणाचेही घ्या, पण तो कागद मागा, आणि पायाला उंची कमीजास्त करण्याची सोय आहे का तेही पाहा. मान दुखू लागली की डोळा चुकतो.

येथे मुलीचे आणि माझे मतभेद झाले, ते लपविण्यात अर्थ नाही. तिला 32 इंच हवे होते. तिचे म्हणणे, चित्रफितीचे काम वाढते आहे. मोठ्या पडद्यावर चित्र, पट्टी आणि रंगांचे तक्ते शेजारी-शेजारी मावतात. आज लहान घेतला तर चार वर्षांनी पुन्हा खर्च. माझे म्हणणे, आमचे टेबल दोन फूट खोल. त्यावर 71 सेंटिमीटरांचा पडदा ठेवला तर मान डावीउजवीकडे फिरवीत बसावे लागेल. 27 इंच हातभर अंतरावरून एका नजरेत येतो. आणि उरलेल्या पैशांत वीज गेली तर काम वाचविणारे यू.पी.एस. घेता येईल, आमच्याकडे वादळवाऱ्याच्या दिवसांत ते लागतेच. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काम तुम्ही करणार, टेबल तुमचे. घ्या 27." तिच्या म्हणण्यातही तथ्य होते, आणि ज्यांचे मुख्य काम चित्रफितीचे आहे त्यांनी तिचेच ऐकावे. आम्ही 27 इंची, 'फोर के', 'आय.पी.एस.' पडदा सुमारे 31 हजारांस घेतला.

परतताना गाडीत माझ्या मनात एक जुनी हकीकत घोळत होती. प्रभात फिल्म कंपनीने 1933 साली 'सैरंध्री' हा चित्रपट रंगीत करावयाचे धाडस केले. त्यासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले. परंतु छापून आलेले रंग मनासारखे उतरले नाहीत. 'संत तुकाराम' 1936 साली निघाला तो काळ्यापांढऱ्यातच, आणि त्याचा गौरव पुढे व्हेनिसपर्यंत झाला. शांतारामांनी रंगांत यश मिळविले ते 1955 साली, 'झनक झनक पायल बाजे' काढला तेव्हा. एवढ्या मोठ्या कलावंताला रंगाने 22 वर्षे थांबविले. चुकीच्या रंगापेक्षा प्रामाणिक काळेपांढरे बरे, हे त्या मंडळींनी जाणले होते. मग मी तर एका खाणगावचा फोटोवाला.

घरी आल्यावर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. पडदा जोडला, आणि बाण हलविला की तो अडखळत, उड्या मारीत चाले. मला वाटले, यंत्र सदोष निघाले, पैसे बुडाले. रात्रभर झोप नाही. सकाळी मुलीने फोनवरून विचारले, "बाबा, केबल कुठली लावली?" मी जुन्या संचाची केबल लावली होती. जुन्या, 'एच.डी.एम.आय. 1.4' प्रतीच्या जोडणीतून 'फोर के' चित्र सेकंदाला फक्त 30 वेळाच जाते. 60 वेळा जाण्यासाठी 2.0 प्रत लागते, आणि संगणकाच्या बाजूसही तशी सोय लागते. पडद्याच्या खोक्यात नवी केबल तशीच पडून होती. तेव्हा पडदा घेण्यापूर्वी आपला संगणक त्याला पुरून उरेल का, हे अवश्य विचारावे.

दुसरी अडचण भिंतीची. माझ्या कामाच्या खोलीच्या भिंती पोपटी रंगाच्या, आणि खिडकी टेबलासमोर. पडदा कितीही खरा असला तरी पोपटी उजेडात बसलेला डोळा खरे पाहू शकत नाही. मी टेबलामागची भिंत राखी रंगाने रंगविली, खिडकी एका बाजूस येईल असे टेबल फिरविले, आणि काळ्या पुठ्ठ्याची झापड करून पडद्याच्या तिन्ही बाजूंस बसविली. या सर्वास दोन दिवस आणि थोडे रुपये लागले.

तिसरी अडचण माझ्या स्वतःच्या डोळ्यांची. वय वाढते तसे डोळ्याचे भिंग पिवळट होत जाते आणि निळा रंग कमी कळू लागतो, असे वैद्य सांगतात. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. म्हणजे पडदा बदलला तरी पाहणारा जुनाच. यावर उपाय म्हणजे यंत्राने मोजणे. दिवाळीला मुलगी घरी आली तेव्हा तिने एका मैत्रिणीकडून रंग मोजावयाचे छोटे यंत्र मागून आणले. पडदा अर्धा तास तापू दिल्यावर ते पडद्याच्या छातीवर टेकवावयाचे. मग वैद्याने नाडी पाहावी तसे ते एकामागून एक रंग तपासते, आणि जेथे पडदा चुकतो तेथे दुरुस्तीचा कागद संगणकात लिहून ठेवते. आम्ही पांढऱ्या रंगाचे तापमान 6500 केल्विन धरले आणि प्रखरता 100 कँडेलांवर आणली. प्रथम मला तो पडदा मंद, जवळजवळ मलूल वाटला. "हाच का तो 31 हजारांचा?" असे मी म्हणालोसुद्धा. मुलगी हसली. म्हणाली, "दोन दिवस थांबा." खरोखरच दोन दिवसांनी जुना लॅपटॉप उघडला तेव्हा त्याचा निळा झगझगाट मला सहन होईना.

दादासाहेब फाळक्यांची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. मुंबईत 'ख्रिस्ताचे जीवन' हे चित्र पाहिल्यावर त्यांना चित्रपटाचा असा ध्यास लागला की रात्रंदिवस पाहणे आणि प्रयोग यांपायी त्यांची दृष्टी जाण्याची वेळ आली. उपचारांनी ती परत मिळाली, आणि म्हणून 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' झाला. मोठ्या पडद्यासमोर बसणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावे. थोड्या थोड्या वेळाने उठून दूरच्या झाडाकडे पाहावे. पडदा दुसरा मिळतो.

मग तो दिवस आला. मूळ फोटो खिडकीच्या उजेडात उजवीकडे ठेवून मी पडद्यावर काम सुरू केले. तेव्हा मला जे दिसले ते यापूर्वी कधीच दिसले नव्हते. त्यांच्या डाव्या भुवईवर जुनी खूण होती. सदऱ्याच्या कॉलरवर दुसऱ्या दोऱ्याची शिवण होती. डोळ्यांखाली जी सावली मी काजळी करून टाकली होती, तीत बारीक सुरकुत्या होत्या. ते हसण्याच्या बेतात होते. हे सारे त्या पोस्टकार्डावर सत्तावीस वर्षे होतेच.

येथे मला एक मोह झाला, तो कबूल करतो. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक बहुधा म्हणते, "जरा गोरे करा." लग्नाच्या अल्बमात तर न सांगताच तसे करावयाची रीत पडली आहे. मीही वर्षानुवर्षे ती पाळली. त्या क्षणीही हात सवयीने तिकडे गेला: चूक केली आहे, तर थोडे उजळ करून देऊ, बाईंना बरे वाटेल. परंतु त्यांनी मजकडे उजळ नवरा मागितला नव्हता, आपला मागितला होता. काळवंडलेला चेहरा जितका खोटा, तितकाच गोरा केलेलाही खोटा. पडदा खरे दाखवीत होता. आता खोटे केले असते तर दोष पडद्याचा राहिला नसता. मी हात मागे घेतला आणि त्यांचा सावळा, न्हालेला, ओट्यावर बसलेला वर्ण होता तसा ठेवला. छापखान्यात आधी एक लहान नमुना छापवून घेतला, तो मूळ फोटोशी उन्हात ताडून पाहिला, आणि मगच मोठे चित्र छापविले.

वर्षदिनाच्या आधी पाच दिवस बाई आल्या. मी चौकट त्यांच्यापुढे ठेवली. त्या पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग पदराच्या टोकाने काचेवरची नसलेली धूळ त्यांनी पुसली, आणि मुलाला म्हणाल्या, "चल, ऊन व्हायच्या आत जाऊ." किंमत त्यांनी विचारली नाही, मीही सांगितली नाही. पायरी उतरताना त्यांनी चौकट अशी धरली होती की चित्राचे तोंड त्यांच्याकडे होते.

आता त्या पडद्याने मला एक दुःखही दिले आहे, ते सांगून हा लेख संपवितो. मी आपले जुने काम त्यावर उघडून पाहिले. दहा वर्षांतील किती अल्बम मातकट, किती नवऱ्यांचे शालू भलत्याच रंगाचे, किती म्हाताऱ्या काजळलेल्या! ते अल्बम आज घराघरांत आहेत, आणि घरची माणसे बिचारी समजतात की त्या दिवशी उजेडच तसा होता. सर्व परत मागवून नव्याने करून देण्याचे सामर्थ्य मजजवळ नाही. परंतु भिंतीवर लावलेले गेलेल्या माणसांचे जे फोटो आहेत, तेवढे मी एकेक करून मागून घेतो आहे. आतापर्यंत अकरा झाले. पत्र्यांचे काम मृगापूर्वी करावयाचे आहे, आणि मंडळींनी त्याची आठवण दोनदा करून दिली आहे.

तेव्हा ज्या कोणास असा मोठा पडदा घ्यावयाचा असेल, त्याने दुकानात जाताना आपल्या घरातील एखाद्या माणसाचा जुना फोटो बरोबर न्यावा. ज्या पडद्यावर ते माणूस ओळखू येईल, तो घ्यावा.